पाळत आणि राखण

(भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या गटप्रमुख, आशा आणि अंगणवाडी ताईंच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

शिबिराचं पत्रक गावोगाव गेलं तेव्हा काही जणींनी मला विचारलं, या वेळी विषय असा डॉक्टरी का? दारूबंदी, पोटगी, सातबाऱ्यावर बाईचं नाव, हे आपले विषय. साथीचे आजार, रक्ताचे नमुने, प्रयोगशाळा हे सरकारचं काम. त्यात आपण काय बोलणार? शंका रास्त आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

साथीच्या आजारांवर सरकार जी नजर ठेवतं, तिला सरकारी मराठीत 'साथरोग सर्वेक्षण' म्हणतात. आपल्या बोलण्यात नजर ठेवण्यासाठी दोन शब्द आहेत, पाळत आणि राखण. पाळत चोरावर ठेवतात. राखण शेताची करतात, पोराबाळांची करतात. जागरण दोन्हीत सारखंच. पण पाळत ठेवणारा ज्याच्यावर नजर ठेवतो त्याला काही कळू देत नाही, आणि राखण करणारा रानडुक्कर आलं की माळ्यावरून हाळी देतो, सगळ्यांना उठवतो. साथीच्या वेळी आपल्यावर पाळत ठेवली जाते की आपली राखण होते, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न नवा नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. त्या वर्षी फेब्रुवारीत इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे शिपाई घराघरांत शिरले. आजारी माणूस लपवलाय का ते बघायला माजघरापर्यंत गेले, बायकांना तपासणीसाठी बाहेर काढलं. पुणं त्या अपमानाने पेटलं. पुढे जूनमध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, ते आपण शाळेत शिकलो. त्याच वर्षी, त्याच प्लेगात, सावित्रीबाई फुले डॉक्टर मुलाच्या, यशवंतच्या, हडपसरजवळच्या दवाखान्यात रोगी आणून त्यांची शुश्रूषा करत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या, त्यांना स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. सावित्रीबाईंचं माहेर नायगाव, म्हणजे इथून नीरा ओलांडली की खंडाळा तालुक्यातलं. आपल्याच शिवेवरची लेक. एकाच वर्षी, एकाच शहरात पाळतही होती आणि राखणही होती. इंग्रज गेले, कायदा मात्र राहिला. मार्च २०२० मध्ये करोना आला तेव्हा महाराष्ट्रात लागू केला तो हाच १८९७ चा कायदा.

तर साथ आली की तीन गोष्टी तपासायच्या. आजाराची खबर पहिल्यांदा कोणाला असते? तपासणीचा निकाल कोणाला कळतो? आणि निर्णय कोण घेतं? या तीन प्रश्नांवरच आज बोलणार आहे.

पहिला प्रश्न, खबर कोणाला असते. काही वर्षांपूर्वी श्रावणात मी घाटमाथ्यावरच्या एका वाडीत गेले होते. वाडीचं नाव सांगत नाही. आपल्या दोन्ही तालुक्यांना अशा वाड्या आहेत. मागे कडा, कड्याखाली रायगड जिल्हा, डोंगराच्या अंगाने सातारा जिल्हा, आणि तालुक्याचा गाव एसटीने दोन तास, तीही आली तर. लावणी नुकतीच उरकली होती. वाडीत चार घरांत ताप होता. एका घरातला गडी कड्याच्या पायवाटेने खाली कोकणात बहिणीकडे गेला आणि तिथल्या दवाखान्यात दाखल झाला. दुसऱ्या घरातल्या पोरीला भोरला खाजगी डॉक्टरकडे नेऊन सलाईन लावलं. तिसऱ्या घरातली सून, दोन लेकरांची आई, तिला पुण्याला भावाच्या खोलीवर नेलं, तिथून मोठ्या दवाखान्यात. चौथ्या घरातली म्हातारी काढा पिऊन घरीच पडून राहिली.

तीन दवाखाने, दोन जिल्हे, आणि प्रत्येक ठिकाणी तापाचा एक रुग्ण. एका रुग्णाने साथ होत नाही. त्यामुळे कोणत्याच कागदावर साथ नव्हती. सून वाचली नाही. तिच्या तापाला शेवटपर्यंत नाव मिळालं नाही.

दहाव्याला मी गेले तेव्हा तिची चुलत सासू, मी तिला मावशी म्हणते, ओट्यावर बसून बोटं मोजत होती. म्हणाली, "ताई, हे चौघंबी ओढ्यापलीकडच्या खाचरात होते बघा लावणीला. आमच्या अंगाला होतो आम्ही, आमाला कोणाला काय नाय झालं. त्या खाचरात उंदरं लय झालीत औंदा."

आता बघा. आजारी कोण, किती, कोणत्या आठवड्यात, कुठे काम करत होते, कोण वाचले आणि संशय कशावर घ्यावा, एवढं सगळं त्या बाईने बोटांवर मांडलं होतं. साथरोगाचा अभ्यास करायला जे डॉक्टर शिकून येतात, ते गावात आल्यावर हेच प्रश्न विचारतात. लावणीच्या चिखलात उंदरांच्या लघवीतून लेप्टो होतो. गवतात, झुडपात बारीक किड्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो. दोन्हींवर डॉक्सीसायक्लिनसारखं स्वस्त औषध आहे, मात्र ते वेळेत सुरू व्हावं लागतं. त्या वाडीतला ताप यांतलाच होता असं मी म्हणत नाही, कारण तपासणीच झाली नाही. पण मावशीचं ऐकायला कोणी असतं, तर तपासणी झाली असती.

सरकारची यंत्रणा कशी चालते ते थोडक्यात सांगते, म्हणजे गाळ कुठे साचतो ते दिसेल. २००४ साली देशभर एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. त्यात तीन थर आहेत. उपकेंद्राची नर्सताई लक्षणं लिहिते. ताप, जुलाब, कावीळ, खोकला किती जणांना, एवढंच. डॉक्टर संशयित आजाराचं नाव लिहितात. प्रयोगशाळा खात्री झालेले रुग्ण लिहिते. हे सगळं जिल्ह्याला जातं, आकडा नेहमीपेक्षा वर गेला की पथक निघतं. पूर्वी हे दर आठवड्याला कागदावर जायचं, आता मोबाईलवर आणि संगणकावर भरतात. कल्पना चांगली आहे. अडचण अशी की ही यंत्रणा रुग्ण जिथे येतो तिथे उभी आहे, आणि शिवेवरचा रुग्ण एका ठिकाणी येतच नाही. तो रस्ता नेईल तिकडे जातो, नातं नेईल तिकडे जातो, उधारी मिळेल त्या दवाखान्यात जातो. शहराच्या मधोमध दहा जण आजारी पडले तर एका दवाखान्यात दहा दिसतात. घाटमाथ्यावर चार पडले तर चार दिशांना एकेक दिसतो. त्यांची बेरीज पाणवठ्यावर होते, आणि पाणवठ्यासाठी सरकारकडे फॉर्म नाही.

शिव राज्याची असेल तर गुंता आणखी वाढतो. आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला सिंधुदुर्गातला दोडामार्ग तालुका आहे. एका अंगाला गोवा, दुसऱ्या अंगाला कर्नाटक. तिथे २०१६ साली माकडताप आला. हा आजार पहिल्यांदा १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोग्याजवळ क्यासनूरच्या जंगलात सापडला. आधी माकडं मरून पडली, मग माणसं तापाने आजारी पडू लागली. तो विषाणू शोधला तो आपल्या पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, जी पुढे राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था झाली. अनेक दशकं तो शिमोग्याच्या आसपासच राहिला. २०१२ नंतर तो सह्याद्रीभर दिसू लागला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि पुढच्या वर्षी दोडामार्गात.

तो पसरतो गोचिडीतून. थंडी सरली की पावसाळ्यापर्यंत जंगलाच्या पाचोळ्यात गोचिडीची बारीक पिल्लं असतात. त्या दिवसांत पाचोळ्यात हात कोणाचे असतात? काजू वेचणारीचे, सरपण आणणारीचे, पातेरा गोळा करणारीचे. आणि जंगलात मेलेलं माकड आधी कोणाला दिसतं? तिलाच. मेलेलं माकड ही या आजाराची पहिली हाळी आहे. लगेच कळवलं, तर त्या भागात जाणं थांबवता येतं, औषध फवारता येतं, अंगाला तेल लावायला देता येतं. पण ती बाई ते कोणाला सांगणार? जंगल एका खात्याचं, ताप दुसऱ्या खात्याचा. दोडामार्गचा रुग्ण उपचाराला गोव्याच्या बांबोळीला जातो, कारण तेच मोठं रुग्णालय जवळ आहे. जानेवारी २०१८ पासून गोव्याने परराज्यातल्या रुग्णांना तिथे पैसे आकारायला सुरुवात केली. गोचिडीला राज्याची हद्द कळत नाही, पण तापलेल्या बाईला ती पावतीवर वाचावी लागते.

माकडताप भोर-वेल्ह्यात आहे, असा याचा अर्थ कोणी काढू नका आणि उगाच घबराट करू नका. मला एवढंच सांगायचंय की जंगल, खाचर, गोठा, पाणवठा, आणि आजाऱ्याचं अंथरूण, या पाचही ठिकाणी बाई आधी पोचते. खबर तिच्याकडे पहिल्यांदा असते. पण तिच्या खबरीला गप्पा म्हणतात.

आता दुसरा प्रश्न. निकाल कोणाला कळतो?

तुमच्यातल्या ज्या साठीच्या पुढच्या आहेत, त्यांना एड्सच्या भीतीची ती वर्षं आठवत असतील. १९९८ पासून देशभर सरकारने एचआयव्हीचा अंदाज घ्यायला ठरावीक दवाखाने निवडले. तिथे तपासणीला आलेल्या गरोदर बायकांचं जे रक्त इतर तपासणीसाठी काढलं होतं, त्यातलं उरलेलं रक्त नाव काढून टाकून एचआयव्हीसाठी तपासलं जायचं. नाव काढलेलं असल्याने निकाल तिला सांगता येत नसे, आणि तिची वेगळी परवानगीही घेतली जात नसे. अशी पद्धत अनेक वर्षं चालली. यामागे एक युक्तिवाद होता आणि तो खोटा नव्हता. नाव ठेवलं तर बदनामी होईल, परवानगी मागितली तर बायका नाही म्हणतील आणि खरा आकडा कळणार नाही. त्या आकड्यांवरून पुढे औषधं आली, आईकडून बाळाला होणारी लागण रोखायचा कार्यक्रम आखला गेला, हेही खरं. पण दुसरी बाजू बघा. त्या दिवशी रांगेत बसलेल्या एखाद्या बाईच्या रक्तात विषाणू होता. प्रयोगशाळेला तो दिसला. देशाच्या आकड्यात ती मोजली गेली. आणि ती स्वतः काही न कळता एसटीने घरी गेली. त्याच नवऱ्याकडे, त्याच पोटातल्या बाळासह.

संशोधन नको असं मी म्हणत नाही. पुण्यात राष्ट्रीय संस्था आहे, शेजारी आहे, तिचा आपल्याला उपयोगच आहे. गावात नमुने घ्यायला पथक येतं तेव्हा दार लावून घेऊ नका. पण विचारा. ताई, हे रक्त कशासाठी? निकाल कधी आणि कोणाच्या हाती येणार? पॉझिटिव्ह आलं तर उपचार कुठे, आणि गाडीभाडं कोणाचं? माझं नाव गावात फुटणार नाही ना? मी नाही म्हटलं तर माझं रेशन किंवा दुसरी योजना बंद होणार नाही ना? हे विचारणं म्हणजे अडाणीपणा नाही. हा तुमचा हक्क आहे, आणि चांगला संशोधक या प्रश्नांची उत्तरं आधीच तयार ठेवून येतो.

तिसरा प्रश्न, निर्णय कोण घेतं. यासाठी आपल्याच शेजारच्या पुरंदर तालुक्यात जाऊ. जेजुरीजवळच्या बेलसर गावात जुलै २०२१ मध्ये तापाचे रुग्ण वाढले. नमुने पुण्याला गेले आणि एका बाईच्या रक्तात झिका सापडला. महाराष्ट्रातला झिकाचा हा पहिला रुग्ण. बाई बरी झाली. गावात राज्याची आणि केंद्राची पथकं आली, घरोघर पाण्याची भांडी तपासली, फवारणी केली. यंत्रणा हलली तर किती लवकर काम होतं, याचं हे चांगलं उदाहरण आहे. ते मान्य करूनच पुढचं बोलते.

झिका डासांमुळे होतो. बहुतेकांना साधा ताप येतो, अंगावर पुरळ येतं, आणि उतरतं. पण गरोदर बाईला झाला तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. ब्राझीलमध्ये २०१५-१६ साली अशी हजारो बाळं जन्मली. शिवाय हा विषाणू पुरुषाच्या वीर्यात काही महिने राहू शकतो. म्हणून बेलसरमध्ये काही महिने गरोदरपण टाळा असा सल्ला दिला गेला आणि निरोध वाटले गेले. शास्त्राच्या दृष्टीने सल्ला बरोबर होता. पण आपण बायका आहोत, आपल्याला दुसरंही दिसतं. निरोध पुरुषाच्या हातात आणि दिवस राहिले तर पोट बाईचं. इथे बसलेल्यांपैकी किती जणी घरी जाऊन म्हणू शकतील की आज निरोध नसेल तर नको? हात वर करायला सांगत नाही, मनातच उत्तर द्या. लग्नाला दोन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही म्हणून जिला रोज टोमणे बसतात, तिने सासूला काय सांगायचं, की सरकारने थांबायला सांगितलंय?

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. २०१६ च्या सुरुवातीला मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर देशाच्या सरकारने बायकांना सांगितलं की २०१८ पर्यंत गरोदर राहू नका. आणि त्याच देशात गर्भपाताला कायद्याने संपूर्ण बंदी होती. म्हणजे जबाबदारी सगळी बाईची आणि अधिकार एकही नाही.

आपल्याकडे कायदा निदान तेवढा क्रूर नाही. २०२१ मध्ये गर्भपाताच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ठरावीक कारणांसाठी मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत वाढली, आणि गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने त्यानंतरही करता येतो. २०२४ मध्ये पुणे शहरात झिका पुन्हा आला. तेव्हा गरोदर बायकांचे नमुने मुद्दाम घेतले गेले, आणि बाधितांमध्ये त्यांची संख्या मोठी होती. शहरातल्या बाईला सोनोग्राफी, तज्ज्ञ डॉक्टर, सल्ला हे रिक्षाच्या अंतरावर असतं. आपल्या वरच्या गावातल्या बाईचा नमुना जीपमधून सहज खाली जाईल. पण निकाल आल्यावर तिला वेळेत सोनोग्राफीला कोण नेणार, काय दिसलं ते तिच्या भाषेत कोण सांगणार, आणि मूल ठेवायचं की नाही हे ती ठरवणार की घरचे ठरवणार? निकालानंतरची ही व्यवस्था नसेल, तर नुसत्या निकालाचं तिला ओझंच होईल.

आता पाण्याकडे येते, कारण ते आपल्या घरचं आहे. पानशेत आणि वरसगाव ही धरणं वेल्हे तालुक्यात. त्यांचं पाणी खडकवासल्यात जातं आणि पुणं पितं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पुण्याचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. धरणाखाली कोणाची गावं गेली हे कमी जणांना माहीत आहे. जानेवारी २०२५ मध्ये याच पाण्याच्या वाटेवर, सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागात गुईलेन बारे या आजाराचे रुग्ण सापडू लागले. पायांतली शक्ती जाते, लकवा वर चढत जातो, काहींना श्वासासाठी यंत्रावर ठेवावं लागतं. रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला, काही दगावले. हा आजार बहुधा आधीच्या जंतुसंसर्गानंतर होतो. या वेळी बऱ्याच रुग्णांना आधी जुलाब झाले होते, आणि नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला. संशय पाण्यावर गेला. यांतली बरीच गावं २०२१ मध्ये महापालिकेत घेतलेली. ग्रामपंचायत गेली होती, पण शहरासारखं शुद्ध केलेलं पाणी सगळीकडे पोचलं नव्हतं. तीही एक शिवच, गाव आणि शहर यांच्यामधली.

साथ लक्षात आली ती मोठ्या रुग्णालयांत, अतिदक्षता विभागात रुग्ण दिसले तेव्हा. पण जुलाब आधी घराघरांत झालेच होते. नळाला गढूळ पाणी येतंय आणि आळीत चार पोरांची पोटं बिघडलीत, हे कोणत्या ना कोणत्या घरातल्या बाईला अगोदरच माहीत असतं. पुन्हा तेच, खबर होती, विचारलं नाही. आणि जे पाण्याच्या वाटेवर खाली घडलं ते वरच्या वाडीत घडलं असतं, तर कोणत्या अतिदक्षता विभागात ते दिसलं असतं?

म्हणाल, खबर द्यायला आशाताई आहे की. आहे, आणि आज समोर बसलीही आहे. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघर ताप आणि प्राणवायू मोजला तो कोणी? तिने. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. पण ती कर्मचारी नाही, 'स्वयंसेविका' आहे. तिला पगार नाही, मोबदला आहे. जून २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास महाराष्ट्रातल्या आशांना त्यासाठी संप करावा लागला. देशाच्या साथरोग सर्वेक्षणाचा पाया जिच्या चपलांवर उभा आहे, तिला आपण सेवाभावी म्हणून ओवाळतो आणि हिशेबाच्या वेळी विसरतो. घरातलं बाईचं काम जसं कामात धरत नाहीत, तसंच हे. म्हणून आशांच्या मागण्या त्यांच्या एकट्यांच्या नाहीत. त्यांच्या मोर्चात आपले गट दिसले पाहिजेत.

मग आपण काय करायचं? पाच कामं सांगते. पाचही आपल्या आवाक्यातली आहेत.

एक. प्रत्येक गटाने आजाराची एक वही ठेवायची. त्यात नावं लिहायची नाहीत, हे पहिल्यांदा नीट ऐका. टीबी, एचआयव्ही, कावीळ, कोणाचंही नाव वहीत नको, नाहीतर आपणच पाळत ठेवणाऱ्या होऊ. फक्त तारीख, किती घरं, कोणती लक्षणं, पाणी कुठलं, काम कुठलं. एका आठवड्यात एकाच लक्षणाची तीन घरं झाली की आशाताईला आणि नर्सताईला सांगायचं, आणि सांगितल्याची तारीख वहीत लिहायची. मेलेलं माकड, एकदम मेलेली कोंबडी-जनावरं, हेही लिहायचं. त्यांना हात लावायचा नाही.

दोन. रुग्ण खाली कोकणात, साताऱ्याकडे की पुण्याला, कुठेही गेला तरी केसपेपरवर राहत्या वाडीचा पत्ता लिहून घ्यायचा. नातेवाइकांच्या खोलीचा नाही. तेवढ्याने त्या चार रुग्णांची बेरीज जिल्ह्याच्या कागदावर होऊ शकते.

तीन. पाण्याची तपासणी. जलजीवन मिशनखाली प्रत्येक गावात पाच बायकांना पाणी तपासायचं शिक्षण आणि तपासणीचा संच द्यायचा आहे. तुमच्या गावातल्या त्या पाच जणी कोण? संच कुठे आहे? पंचायतीच्या कपाटात असेल तर बाहेर काढायला लावा. टीसीएल पावडर आहे का, ओटी टेस्ट रोज होते का, पाण्याच्या तपासणीत गावाला हिरवं कार्ड मिळालं की लाल, हे विचारा.

चार. ग्रामसभेआधी महिला सभा होते, कायद्याने व्हावीच लागते. ती कागदावर होऊ देऊ नका. गावात गेल्या सहा महिन्यांत कोणते नमुने गेले आणि काय निकाल आले, हा त्या सभेत कायमचा विषय ठेवा. गाव आरोग्य समितीत आपल्या बायका आहेत, निधी आहे. त्याचा हिशेबही मागा.

पाच. उलटी नजर. २००७ साली महाराष्ट्रात पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, त्यात आपला पुणे जिल्हा होता. गावकऱ्यांनी दवाखान्याचं प्रगतिपुस्तक भरलं. डॉक्टर असतात का, औषधं मिळतात का, पैसे मागतात का, ते लिहिलं आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर वाचलं. तिथे बाया माईक हातात धरून उभ्या राहिल्या आणि बोलल्या. सरकारने आपल्याकडे बघावं, तसं आपणही सरकारकडे बघावं. नजर दोन्हीकडून असली की पाळतीची राखण होते.

शेवटी त्या मावशीकडे येते. परवा तिला भेटले. मी म्हटलं, मावशी, तुझी ती बोटांवरची मोजणी मी शिबिरात सांगणार आहे. ती म्हणाली, "सांग की. पण त्याचं पुढं काय झालं, ते मला येऊन सांग." मैत्रिणींनो, साथरोग सर्वेक्षणाबद्दल माझी सगळी मागणी त्या एका वाक्यात आली. आमच्याकडून खबर न्या, रक्त न्या, आकडे न्या. पण पुढे काय झालं, ते आम्हाला येऊन सांगा. आता तुम्ही गावोगाव परत जाल. पाणवठ्यावर उभं राहून एवढाच प्रश्न विचारा, की या महिन्यात आपल्या आळीत किती घरं आजारी पडली? वहीचं पहिलं पान तिथेच भरेल. पुढच्या शिबिराला याल तेव्हा वह्या घेऊन या, सगळ्यांची बेरीज इथे एकत्र करू.